उलटतपास शिकवता येतो, नीतीही

बाररूममध्ये आणि विधी महाविद्यालयांतही एक मत पक्के रुजले आहे. फौजदारी वकिली वर्गात शिकवता येत नाही. ती सीनियरच्या हाताखाली, कोर्टात बसून येते. आणि व्यावसायिक नीती हा तर संस्काराचा भाग, तिचा पेपर कसला घ्यायचा?

या मतात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. मूट कोर्टात घटनात्मक प्रश्नावर अस्खलित बोलणाऱ्याला पंच फितूर झाल्यावर काय करायचे ते ठाऊक नसते. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

मुळात सीनियर मिळेलच, याची हमी कायदा देत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मधील सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाची अट १९७३ च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये एक वर्षाची उमेदवारी नियमाने परत आणली, तर सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर खटल्यात १९९९ मध्ये ते नियम रद्द केले. ज्या गुरूच्या भरवशावर महाविद्यालय हात झटकते, तो गुरू सक्तीचा राहिलेलाच नाही.

मग वर्गात काय शिकवता येईल, त्यासाठी तेलगावकडे पाहा. धारूर तालुक्यातले हे साखर कारखान्याचे गाव, आणि भोवतालचा सारा मुलूख ऊसतोड मजुरांचा. इथल्या माणसाला पोलीस ठाण्यात नेणारा एक वाद म्हणजे उचल, ऊसतोडीसाठी आगाऊ दिलेली रक्कम. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने कोयत्यांच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोड्यांच्या, हिशेबाने उचल घेतली आणि टोळी आलीच नाही, किंवा हंगाम अर्धवट टाकून गेली, की फसवणुकीची फिर्याद होते. पूर्वी भादंवि ४२०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता ३१८(४).

रिमांडला उभ्या राहणाऱ्या वकिलाला इथे दोन गोष्टी माहीत हव्यात. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असल्याने अर्नेशकुमार निकाल (२०१४) लागू होतो. अटक का लागली याची कारणे पोलिसांनी नोंदवायची आणि दंडाधिकाऱ्यांनी ती तपासायची. शिवाय करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे. उचल घेतानाच मनात कपट होते हे दाखवावे लागते, असे हृदयरंजन प्रसाद वर्मा खटल्यात २००० साली स्पष्ट झाले आहे.

पुढे साक्ष सुरू होते. साक्षीदार कोर्टात सांगतो, टोळी देणार नाही असे मुकादम तेव्हाच बोलला होता. पोलिसांपुढच्या जबाबात ते वाक्य नाही. ही ओमिशन आधी साक्षीदारापुढे ठेवायची आणि नंतर तपासी अंमलदाराकडून सिद्ध करून घ्यायची. दुसरी पायरी राहिली की पहिलीची मेहनत वाया जाते. यात उपजत प्रतिभेचा प्रश्न येतो कुठे? निकाली खटल्याची कागदपत्रे समोर ठेवून हे वर्गात पुन्हापुन्हा घोटून घेता येते. तसे केले नाही, तर नवा वकील ते पहिल्या अशिलावर शिकतो, आणि तो अशील बहुधा चांगला वकील न परवडणाराच असतो.

आता नीती. आरोपी दोषी आहे असे स्वतःला वाटत असले तरी त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. सरकारी वकिलाने निर्दोषत्व दाखवणारा पुरावा दडपू नये, हेही त्यांत आहे. घरचे संस्कार मात्र वाइटाची बाजू घेऊ नको म्हणतात. २६/११ नंतर मुंबईतल्या महानगर दंडाधिकारी न्यायालयातील वकिलांच्या संघटनेने हल्ल्यातील आरोपींचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. ती माणसे संस्कारहीन नव्हती, संतापलेली होती. असे ठराव घटनेच्या आणि वकिली नीतीच्या विरुद्ध आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद रफी खटल्यात २०१० मध्ये सांगितले. संतापाच्या वेळी टिकणारी नीती आधी समजून, वाद घालून पचवावी लागते.

हे सारे शिकवायला नियमांची वाण नाही. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून त्याची नोंद ठेवायची आहे, त्याला ३० गुण आहेत. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची. पण एकमेकांच्या पाहून उतरवलेल्या वह्यांनाही गुण मिळणार असतील, तर त्या नियमाला अर्थ उरत नाही. तालुक्याच्या कोर्टातला एकच खटला आरोप ठेवण्यापासून निकालापर्यंत पाहायला लावावा, आणि तोंडी परीक्षेत विचारावे : कोणती ओमिशन सिद्ध झाली, कोणती राहून गेली, आणि तिथे तुम्ही असता तर पुढचा प्रश्न कोणता विचारला असता?