लष्करी अधिकाऱ्यांचे शिक्षण आणि नागरी नियंत्रण

बेळगाव तालुक्यातील कडोलीसारख्या खेड्यांना लष्कर परके नाही. जवळच बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे. तेथेच इन्फन्ट्री स्कूलच्या ज्युनिअर लीडर्स विंगमध्ये तरुण अधिकारी शस्त्रविद्या आणि तुकडीचे नेतृत्व शिकतात. मात्र हाती शस्त्र असणाऱ्याने निःशस्त्र लोकप्रतिनिधींच्या आज्ञेत राहावे, हे शिक्षण त्याला कोठून मिळते?

ब्रिटिश अमदानीत सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य असे. सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात संरक्षण खाते सरदार बलदेवसिंग यांच्याकडे आले. १९५५ मध्ये सरसेनापती ही पदवीही गेली आणि लष्करप्रमुख हे पद रूढ झाले. राज्यघटनेच्या कलम ५३ नुसार सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होतो. अधिकारी शपथ घेतो ती राज्यघटनेवरील निष्ठेची. १९५० चा लष्कर कायदा आज्ञाभंगाला शिक्षा सांगताना ‘कायदेशीर’ आज्ञा असाच शब्द वापरतो.

केवळ प्रशिक्षणाने हे साधत नाही. त्याच ब्रिटिश हिंदी लष्करात घडलेल्या अयूब खान यांनी १९५८ मध्ये पाकिस्तानची सत्ता हाती घेतली.

याउलट उदाहरण बेळगावच्या शेजारीच घडले. डिसेंबर १९६१ मध्ये केंद्र सरकारच्या निर्णयानुसार मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या १७ व्या डिव्हिजनचे सैन्य बेळगाव परिसरातून गोव्यात शिरले. १९ डिसेंबरला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. कँडेथ लष्करी गव्हर्नर झाले. परंतु जून १९६२ मध्ये त्यांनी कारभार नागरी नायब राज्यपालांकडे सोपविला. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणूक होऊन दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. जिंकलेल्या प्रदेशावर लष्कराची सत्ता सहा महिनेही राहिली नाही.

नियंत्रणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. १९६२ च्या चीन युद्धापूर्वी बढत्यांत आणि रणयोजनेत राजकीय हस्तक्षेप झाल्याची टीका झाली. पराभवानंतर कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. युद्धाचा निर्णय मंत्रिमंडळाचा, लढण्याची रीत सेनानींची, ही विभागणी १९६५ च्या युद्धात दिसून आली.

म्हणून हा विषय केवळ लष्करी प्रबोधिनीचा नाही. आज्ञा पाळणारा खडकवासल्यात घडतो. आज्ञा देणारे उद्याचे मंत्री, सचिव आणि मतदार मात्र साध्या महाविद्यालयांच्या वर्गातच घडतात.