नखाएवढी खाच

आमचे आजोबा खेड्यातल्या शाळेत मास्तर होते. त्यांचा पितळी मुठीचा घडीचा चाकू आता नेरूळला माझ्या टेबलाच्या खणात असतो. गेल्या उन्हाळ्यात हापूस कापायला म्हणून माझ्या सातवीतल्या मुलीने तो उघडायला घेतला आणि तिचे नख मोडले. मुलगी डावखुरी आहे. "बाबा, याला बटण का नाही केलं?" तिने चिडून विचारले. प्रश्न साधा होता. उत्तर मात्र बरेच लांबचे निघाले.

प्रथम रचना पाहू. पाते एका खिळ्याभोवती फिरते. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती पात्याच्या टाचेवर दाब देऊन पाते मिटलेले ठेवते आणि पूर्ण उघडल्यावर उघडेही ठेवते. हा दाब मोडून पाते फिरवायचे म्हणजे खिळ्याभोवती पुरेसा आघूर्ण द्यायला हवा. समजा, तो ०.३ न्यूटन-मीटर आहे. खिळ्यापासून २ सेंटिमीटरवर नख लावले तर १५ न्यूटन बल लागेल. ५ सेंटिमीटरवर लावले तर ६ न्यूटन पुरेल. म्हणून पात्यावरची खाच खिळ्यापासून शक्य तितकी दूर असते, पण अगदी टोकाशी नसते. कारण तिथे पाते अरुंद होते आणि बोट टोकाजवळ जाते. खाचेऐवजी वर आलेली गुंडी का नाही? गुंडी खिशात अडकेल. खाच पात्याच्या जाडीतच सामावते.

चाकू मात्र खाचेपेक्षा पुष्कळ जुना. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे हाडाच्या मुठीचा, सुमारे २,५०० वर्षांपूर्वीचा घडीचा चाकू सापडला आहे. रोमन लोकही असे चाकू वापरत. त्या साध्या चाकूंत पाते केवळ घर्षणाने जागेवर राहत असे, म्हणून ते चिमटीतही उघडे. सतराव्या शतकात युरोपात, विशेषतः इंग्लंडमधील शेफील्डच्या कारागिरांत, पाठीच्या स्प्रिंगचा चाकू रुळला. पाते घट्ट बसू लागले, चिमूट अपुरी पडू लागली. नखाला आधार देणारी खाच हे त्यावरचे सोपे उत्तर होते.

आपल्याकडे स्वयंपाकघरात राज्य होते विळीचे आणि शेतात विळ्या-कोयत्याचे. खिशातला चाकू लागे तो लिहिणाऱ्याला. मोडी लिहायची ती बोरूने. आणि बोरूचे टोक तिरके तासून त्याला मध्ये बारीक चीर द्यावी लागे. या कामाच्या चाकूला फार्सीत 'कलमतराश' म्हणत. 'चाकू' हा शब्दही फार्सीतूनच मराठीत आला. युरोपात पिसाची लेखणी तासणारा 'पेननाइफ' होता, तसाच हा. आजोबांचा चाकूही मुलांचे बोरू तासण्यासाठीच होता. लेखणीसाठी घाई नको होती, नेमकेपणा हवा होता.

स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८९१ साली सैनिकांसाठी आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी चाकू केला. त्यांतही पाते उघडायचे ते नखानेच. म्हणजे सैनिकाच्या खिशातला हा चाकूसुद्धा हत्यार म्हणून नव्हे, अवजार म्हणून घडवला होता.

मुंबईकरांच्या मनात मात्र चाकू म्हटले की उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा चाकू येतो. हिंदी चित्रपटांनी तो घरोघर पोचवला. तिथे चाकू कापताना क्वचितच दिसतो. दिसतो तो उघडताना. 'खटक' असा आवाज झाला की समोरच्याने समजायचे. चाकू कसा उघडतो यावर त्याचे चारित्र्य ठरू लागले ते असे.

कायद्यानेही हे हेरले. अमेरिकेने १९५८ साली बटण दाबताच आपोआप उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत मात्र भर मोजमापावर आहे. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रात मोडतो. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठीचे चाकू त्यातून वगळले आहेत.

मग दोन्ही हात आणि थोडा वेळ मागणारी खाचच शहाणी म्हणायची का? मुलीचे मोडलेले नख तसे म्हणू देत नाही. खाच सहसा पात्याच्या एकाच बाजूला असते, आणि ती बाजू उजव्या हाताच्या सोयीची. १९८१ साली अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीने पात्याला आरपार गोल भोक पाडलेला चाकू आणला. भोकात अंगठा घालून पाते एका हाताने उघडता येते. दुसऱ्या हाताने दोर किंवा फांदी धरलेल्या माणसाची सोय झाली. आणि आरपार भोकाला डावे-उजवे नसतेच. परंतु एका हाताने उघडतो तो झटकन उघडतो. २००८ साली जर्मनीने, एका हाताने उघडणारे आणि उघडल्यावर अडकून पक्के बसणारे चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगण्यास बंदी केली. एकाची सोय ती दुसऱ्याची धास्ती ठरली.

मुलीला मी सांगितले, बटण नाही कारण आजोबांना घाई नव्हती. आणि खाच उजवीकडच्यांची आहे, कारण करणाऱ्याला तू आठवली नाहीस. दुसरे कारण तिला पहिल्यापेक्षा जास्त पटले.

वर्गात हे शिकवायला चाकू नेण्याची मुळीच गरज नाही. दार पुरेसे आहे. ताणकाटा बिजागरीपासून १०, २० आणि ४० सेंटिमीटरवर अडकवून, दाराला काटकोनात ओढून, दार हलायला लागणारे बल मुलांना मोजू द्या. अंतर आणि बल यांचा गुणाकार फळ्यावर मांडा. मग विचारा, दाराची मूठ कोणत्या हाताला सोयीची आहे? वर्गातली डावखुरी मुले आधी बोलतील.