चित्र, ध्वनि आणि मधला सांधा

घरबसल्या चित्रपट पाहण्याची हौस ज्या कुटुंबांत रुजली आहे, तेथें दूरचित्रवाणीच्या पडद्याखालीं एक रुंद, जड पेटी पुष्कळदां दृष्टीस पडते. तिच्या पाठीवर खांचांची दाटी असते. एका बाजूनें तबकडीचें यंत्र, उपग्रहवाहिन्यांची डबी आणि मुलांच्या खेळांचें यंत्र हीं तिला येऊन मिळतात; दुसऱ्या बाजूनें खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांतील कर्ण्यांकडे तिच्या तारा जातात आणि एक तार पडद्याकडे जाते. या पेटीला ‘ऑडिओ-व्हिडिओ रिसीव्हर’ असें म्हणतात.

रिसीव्हर हें नांव तिला नभोवाणीच्या घराण्याकडून वारशानें मिळालें आहे. आकाशांतून येणाऱ्या लहरी टिपणारा तो रिसीव्हर, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पुढें लहरी टिपणारें यंत्र व आवाज वाढविणारें यंत्र हीं एकाच पेटींत नांदूं लागलीं. त्यांना ग्रामोफोन जोडला गेला, मग टेप, मग चित्रफीत. धंदा बदलत गेला तरी आडनांव कायम राहिलें. आज या पेटीचें मुख्य काम लहरी टिपण्याचें नसून चित्र आणि ध्वनि यांची गांठ घालून देण्याचें आहे. ही गांठ कोणीं बांधावी आणि तिच्यावर हुकमत कोणाची असावी, हा प्रश्न चित्रपटाइतकाच जुना आहे.

चित्र व ध्वनि यांचें मीलन आपोआप होत नाहीं, याची साक्ष आरंभकाळच देतो. थॉमस एडिसन यांच्या कार्यशाळेंतून १८९५ सालीं ‘कायनेटोफोन’ बाहेर पडला. एका माणसानें भिंगांतून आंत डोकावून हलतीं चित्रें पाहावयाचीं आणि कानांना नळ्या लावून फोनोग्राफ ऐकावयाचा, अशी ती योजना होती. चित्र व संगीत एकाच पेटींतून मिळे. परंतु नाचणाऱ्याचें पाऊल आणि तालाचा ठोका यांना एकत्र बांधणारा धागा तींत नव्हता. फ्रान्समध्यें लिऑं गोमाँ यांनीं १९०२ सालीं ‘क्रोनोफोन’ दाखविला. त्यांत चित्रयंत्र व ग्रामोफोन विजेच्या योगानें एकमेकांशीं बांधलेले होते. पण विजेनें आवाज वाढविण्याची विद्या तेव्हां उपलब्ध नव्हती, त्यामुळें मोठ्या सभागृहांत तो आवाज तोकडा पडे.

ती विद्या हातीं आल्यावर वॉर्नर बंधूंनीं ‘व्हायटाफोन’ पद्धति पुढें आणली. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं न्यूयॉर्क येथें ‘डॉन जुआन’ हा चित्रपट तबकडीवरील संगीतासह दाखविण्यांत आला, आणि ६ ऑक्टोबर १९२७ रोजीं आलेल्या ‘द जॅझ सिंगर’नें मूकपटांचा काळ सरत आल्याची वर्दी दिली. १६ इंच व्यासाची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेई आणि तींत फिल्मच्या एका रिळापुरता, म्हणजे सुमारें ११ मिनिटांचा ध्वनि मावे. चालकानें फिल्मवरील खुणेची चौकट झरोक्यापुढें आणावयाची, तबकडीवरील खुणेपाशीं सुई टेकावयाची आणि मग दोहोंना एकदम गति द्यावयाची. सुईनें एक खांच जरी ओलांडली, तरी नायिकेच्या तोंडीं नायकाचा आवाज येण्याचा प्रसंग! फिल्म तुटली तर जितक्या चौकटी गेल्या तितक्याच काळ्या चौकटी तेथें जोडाव्या लागत. सांधा जुळला होता खरा, पण तो अंधाऱ्या खोलींतील एका चालकाच्या हातीं होता.

ही नड दूर करण्याचा उपाय म्हणजे ध्वनीला प्रकाशरेषेचें रूप देऊन तो फिल्मवरच छापणें. ली डी फॉरेस्ट यांनीं १९२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें असे बोलपट लोकांना दाखविले होते, आणि पुढील दशकांत हीच पद्धति सर्वत्र रूढ झाली. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहांत झळकलेल्या ‘आलम आरा’चा ध्वनिहि चित्राबरोबरच फिल्मवर टिपलेला होता, आणि १९३२ सालीं ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर पडद्यावरचीं माणसें मराठींत बोलूं लागलीं.

परंतु एकाच पट्टीवर राहूनहि चित्र व ध्वनि शेजारीं शेजारीं नांदत नाहींत. चित्राला झरोक्यापुढें दर सेकंदाला २४ वेळां थबकावें लागतें. ध्वनीला मात्र अखंड आणि एकसारखें सरकावें लागतें. म्हणून ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर प्रत्येक चौकटीचा ध्वनि तिच्यापासून सुमारें २० चौकटी पुढें छापण्याचा प्रघात पडला. एकाला थांबत जाणें भाग, दुसऱ्याला थांबणें वर्ज्य. या दोन स्वभावांचा मेळ घालण्याचें काम आतां चालकाकडून फिल्म छापणाऱ्या प्रयोगशाळेकडे गेलें.

वेळ जुळली; जागा जुळावयाची होती. पात्र पडद्याच्या डाव्या कडेला आणि त्याचा आवाज मधल्या एकुलत्या कर्ण्यांतून, ही विसंगति इंग्लंडमधील अभियंते अ‍ॅलन ब्लुमलाइन यांना खटकली. डिसेंबर १९३१ मध्यें त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला. दोन कर्ण्यांच्या द्वारें ध्वनीला दिशा देण्याची जी युक्ति आज ‘स्टीरिओ’ या नांवानें घरोघरीं परिचित आहे, तिचा पाया त्यांत आहे. १९४० च्या नोव्हेंबरांत वॉल्ट डिस्ने यांचा ‘फँटेसिया’ प्रदर्शित झाला, तेव्हां ध्वनीसाठीं स्वतंत्र फिल्म चित्राच्या फिल्मबरोबर चालविण्यांत आली. अनेक कर्ण्यांतून वाद्यवृंद सभागृहभर फिरूं लागला. पण ती यंत्रसामग्री इतकी महाग होती, कीं मोजक्याच चित्रपटगृहांना ती लाभली.

खरी स्वस्ताई आली ती घडी घालण्याच्या युक्तीनें. १९७० नंतरच्या दशकांत डॉल्बी प्रयोगशाळेनें डावा, मधला, उजवा आणि मागचा असे चार ध्वनिप्रवाह फिल्मवरील दोनच रेषांत बसविले आणि चित्रपटगृहांत ती घडी उलगडण्याची सोय केली. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’नें या पद्धतीचा लौकिक वाढविला. याच सुमारास जपानांत चित्रफितीचीं यंत्रें निघालीं, १९७५ सालीं ‘बेटामॅक्स’ आणि १९७६ सालीं ‘व्हीएचएस’. चित्रपट फितींवर उतरविले जाऊं लागले, तेव्हां त्या दोन रेषाहि घडीसकट घरांत आल्या. बहुतेक गिऱ्हाइकांना या गुप्त ठेवीची कल्पना नव्हती. १९८२ पासून ती घडी उलगडणारीं यंत्रें घरगुती वापरासाठीं मिळूं लागलीं. १९८७ च्या ‘प्रो लॉजिक’नें मधल्या कर्ण्याचीहि व्यवस्था केली. नभोवाणीची पेटी येथें घरच्या चित्रपटगृहाची कारभारीण झाली.

त्या काळीं या पेटीला जोडणी करणें म्हणजे धीराचें पण मोकळेपणाचें काम होतें. तारेच्या टोकाची लहानशी गोल खीळ अमेरिकेंतील आरसीए कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत नभोवाणी आणि ग्रामोफोन यांना जोडण्यासाठीं काढलेली. पिवळी खीळ चित्राची, पांढरी डाव्या ध्वनीची, तांबडी उजव्या ध्वनीची, एवढें ध्यानांत ठेवलें कीं शाळकरी मुलालाहि जोडणी साधे. तार चुकली तर आवाज येत नसे, इतकीच शिक्षा. कोणत्या यंत्रानें कोणाला काय द्यावें, हें गृहस्वामी ठरवी, आणि तार निमूटपणें तें वाहून नेई.

चित्रपटाच्या कारखानदारांना हा मोकळेपणा रुचला नाहीं. १९७६ सालीं युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्यांनीं सोनीवर फिर्याद केली. घरोघरीं कार्यक्रम फितीवर उतरविले जातात, त्याचा दोष यंत्र विकणाऱ्यावर येतो, असें त्यांचें म्हणणें होतें. १७ जानेवारी १९८४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं सोनीच्या बाजूनें निकाल दिला. एखादा कार्यक्रम सवडीनें पाहतां यावा म्हणून घरीं टिपून ठेवणें न्यायालयानें रास्त ठरविलें. न्यायालयांत जें मिळालें नाहीं, तें पुढें तारेच्या द्वारें मिळविण्यांत आलें.

त्याला वाट करून दिली ती अंकांनीं. चित्रपटगृहांत १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’पासून डॉल्बीचा अंकरूप ध्वनि आला, १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’च्या वेळीं ‘डीटीएस’ पद्धतींत ध्वनि पुन्हा तबकडीवर गेला, आणि फिल्मवरील खुणा त्या तबकडीला वेळ सांगूं लागल्या. व्हायटाफोनची कल्पना सुमारें सहासष्ट वर्षांनीं नव्या वेषांत परतली! १९९६ सालीं जपानांत ‘डीव्हीडी’ निघाली आणि हा अंकरूप ध्वनि घरांत पोंचला. समोर तीन कर्णे, बाजूंना वा मागें दोन, आणि केवळ खर्जाच्या घुमाऱ्यासाठीं एक, या मांडणीला ‘पांच-दशांश-एक’ असें नांव पडलें. चित्राच्या तारा निराळ्या, ध्वनीच्या निराळ्या, त्यांत प्रकाशतंतूची आणखी एक. पेटीमागें तारांचें जाळें माजलें.

डिसेंबर २००२ मध्यें हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनीं ‘एचडीएमआय’चा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. १९ सूक्ष्म संपर्कांच्या एकाच तारेंतून चित्र व ध्वनि हीं दोन्ही अंकरूपानें जाऊं लागलीं. २००९ च्या सुधारणेनें तर पडद्याकडे गेलेल्या तारेंतूनच पडद्याचा ध्वनि पेटीकडे परत आणतां येऊं लागला. गृहिणीच्या दृष्टीनें ही मोठीच सुटका होती.

पण ही नवी तार पूर्वीसारखी मुकी नाहीं. जोडणी होतांच यंत्रें आपसांत बोलतात. कोणत्या आकाराचें चित्र पेलतें, कोणता ध्वनि उलगडतां येतो, याची विचारपूस होते. तीं उपकारकच आहे. त्यापाठोपाठ मात्र परवाना मागितला जातो. इंटेल कंपनीनें तयार केलेल्या ‘एचडीसीपी’ या कुलपाची किल्ली प्रत्येक यंत्रापाशीं असावी लागते. ती न पटली तर पडदा काळा राहतो. २०१३ सालीं या कुलपाची नवी आवृत्ति ठरली आणि पुढें अतिसूक्ष्म चित्रांसाठीं तिचा आग्रह धरला जाऊं लागला. तेव्हां आवाजांत कसलीहि खोट नसलेल्या अनेक पेट्या चित्राच्या वाटेवर अडसर ठरल्या. मालकानें दाम मोजून घेतलेलें यंत्र केवळ किल्ली जुनी म्हणून बाद व्हावें, ही गोष्ट पिवळ्या खिळीच्या काळांत घडली नसती. गंमत अशी, कीं सप्टेंबर २०१० मध्यें जुन्या कुलपाची मूळ किल्लीच जगजाहीर झाली आणि ती खरी असल्याचें इंटेलनें मान्य केलें. चोराची सोय झाली. प्रामाणिक गृहस्थाची अडचण मात्र तशीच राहिली.

इतकें होऊनहि मूळ प्रश्न सुटलेला नाहीं. आजचे सपाट पडदे चित्र दाखविण्यापूर्वीं त्याच्यावर संस्कार करतात आणि त्यांत क्षणाचा कांहीं भाग खर्ची पडतो. मग ओठ हलण्यापूर्वींच शब्द ऐकूं येतो. निसर्गांत असें कधीं घडत नाहीं. दूरच्या घाटावर धोबी कपडा आपटतो, तेव्हां आपटलेला आधीं दिसतो आणि आवाज मागून येतो. यामुळेंच आवाज मागें पडलेला माणसाला खपतो, पुढें धांवलेला खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९८ सालीं केलेल्या शिफारशींत, ध्वनि सेकंदाचा ४५ सहस्रांश भाग आधीं आला तर तो जाणवतो, मागें राहिला तर १२५ सहस्रांशापर्यंत जाणवत नाहीं, असें नमूद आहे. २००६ पासून तारेंतच या उशिराची वर्दी देण्याची सोय झाली. तरी ती न साधल्यास पेटींतील ध्वनि थोडा रोखून धरण्याचें काम घरच्या माणसालाच हातानें करावें लागतें. कानांवर भरंवसा ठेवून तो दोन घटका बसला, तर व्हायटाफोनच्या चालकाचा वारसा तोच चालवीत असतो.

सोय आणि स्वातंत्र्य यांचा हा व्यवहार एकतर्फी वाईट म्हणतां येणार नाहीं. सहा तारांच्या जागीं एक तार येणें ही लहान गोष्ट नव्हे. परंतु त्या एका तारेबरोबर सांध्यावरची हुकमत घराबाहेर गेली, हें घेणाऱ्यानें जाणून असावें. पुष्कळ पेट्यांच्या पाठीवर अजून एका कडेला तांबड्या-पांढऱ्या खांचांची जोडी शिल्लक असते. आजोबांचा ग्रामोफोन तेथें जोडला, कीं कसलीहि विचारपूस न होतां तो गाऊं लागतो.