विहिरीचें पाणी कोणाचें?

दुष्काळ हा केवळ आभाळाचा कोप, ही आपली जुनी समजूत. अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजारचा इतिहास पाहतां ती आम्हांस अपुरी वाटते. वृक्षतोडीनें तेथील डोंगर उघडे पडले, पावसाबरोबर माती वाहून गेली, विहिरी आटल्या. त्यांतच १९७२ चा दुष्काळ आला. कुटुंबांमागून कुटुंबें मजुरीसाठीं गांव सोडून गेलीं. मागें उरले दारू आणि तंटे.

१९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें श्रमदानानें चर खणले गेले, बांध पडले, झाडें लागलीं. परंतु खरें मर्म, आमच्या मतें, गांवानें स्वतःवर घालून घेतलेल्या निर्बंधांत आहे: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि शेतीसाठीं कूपनलिकांस मनाई. दरसाल पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा आणि त्याप्रमाणें पिकें ठरवावयाचीं. ज्या जिल्ह्यांत उसानें लक्ष्मी आणली, तेथेंच उसास नकार देणें सोपें नव्हतें. पण पैसेवाला खोल भोंक पाडतो, तेव्हां शेजारच्या गरिबाची उथळ विहीर आधीं कोरडी पडते, हें गांवानें ओळखलें. पाऊस पूर्वीसारखाच बेताचा. तरी गेलेलीं कित्येक कुटुंबें परत आलीं. लोककल्याणाचा याहून बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.