फेंसाची जाळी

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर पारनेर तालुक्यांतील सुपा हें गांव लागतें. प्रदेश पर्जन्यच्छायेंतला, काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी बहुधा जड. अशा पाण्यांतील चुना साबणाशीं मिळून साका बनतो व फेंस मारला जातो. जेथें पाणीच मोजकें, तेथें फेंस ही केवळ चैनीची गोष्ट उरत नाहीं.

साबणापूर्वीं शिकेकाई, रिठा व वज्री यांवर घरोघरीं भागत असे. १८८८ सालीं लिव्हर बंधूंचा सनलाइट साबण कलकत्त्याच्या बंदरांत उतरला. पुढें अर्देशर गोदरेज यांनीं चरबीऐवजीं वनस्पतितेलांचा साबण काढला. साबण नवा होता, परंतु त्याचा फेंस काढणारें साधन परसांतच होतें: वेलीवर वाळलेलें घोसाळें. साल व बिया काढल्या कीं तंतूंची जाळी हातीं येते.

फेंस म्हणजे साबणाच्या पातळ पडद्यांत कोंडलेली हवा. ओली जाळी चोळली कीं प्रत्येक छिद्रांतून हवा शिरते आणि असंख्य बुडबुडे उठतात. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरदर्स यांनीं नायलॉन सिद्ध केलें. कालांतरानें कृत्रिम धाग्यांच्या जाळीचे गोळे न्हाणीघरांत आले. तत्त्व मात्र घोसाळ्याचेंच.

जाळीनें पाण्याचा जडपणा जात नाहीं. चुना आपला वांटा घेतोच. परंतु उरलेल्या साबणाचा फेंस पुरता निघतो. नायलॉन लवकर वाळतें, पण कुजत नाहीं. झिजलेलें घोसाळें मातींत मिळून जातें. निवड करतांना गृहिणीनें एवढा भेद ध्यानांत ठेवावा.