परिस्थितिनिष्ठ नीतिशास्त्र

कृतीची योग्यायोग्यता आधीच ठरलेल्या नियमांवरून नव्हे, तर त्या त्या प्रसंगी निःस्वार्थ प्रेम काय मागते यावरून ठरवावी, असे मानणारा ख्रिस्ती नीतिविचारातील विसाव्या शतकातील एक प्रवाह. त्याची सर्वांत परिचित मांडणी जोसेफ फ्लेचर (१९०५–१९९१) या अमेरिकन एपिस्कोपल धर्मगुरूंनी ‘सिच्युएशन एथिक्स’ (१९६६) या ग्रंथात केली. हा विचार मात्र त्याआधीचा आहे. पोप बारावे पायस यांनी १९५२ मध्येच त्यावर टीका केली होती आणि १९५६ मध्ये रोमने कॅथलिक शिक्षणसंस्थांत तो शिकवण्यास मनाई केली.

फ्लेचर यांनी कर्मठ नियमनिष्ठा आणि नियमांचा संपूर्ण नकार या दोन टोकांमधली वाट धरली. परंपरेतले नियम पिढ्यांच्या अनुभवातून आलेले असल्याने ते जाणून घ्यावेत, पण प्रेमाच्या आड येतील तेथे बाजूला ठेवावेत, असे ते म्हणतात. हे प्रेम, म्हणजे नव्या करारातील ‘अगापे’, ही भावना नसून संकल्प आहे. जो माणूस आपल्याला आवडत नाही त्याचेही हित साधणे त्यात येते. एकाच वेळी अनेकांचे हित पाहायचे असेल, तर प्रेमाला हिशेब करावा लागतो. म्हणून फ्लेचर न्याय आणि प्रेम एकच मानतात. येथे ते उपयुक्ततावादाच्या अगदी जवळ जातात.

ग्रंथातील एक उदाहरण विशेष गाजले. दुसऱ्या महायुद्धानंतर युक्रेनमधील सोव्हिएत छावणीत अडकलेल्या एका जर्मन मातेला गरोदर राहिल्यासच सुटका मिळणार होती. तिने ओळखीच्या पहारेकऱ्याकडून गर्भधारणा करून घेतली आणि ती बर्लिनला नवऱ्यामुलांकडे परतली. घराने तिला आणि बाळाला आनंदाने स्वीकारले. तिच्या कृतीला पाप म्हणण्यास मन धजत नाही, हे या उदाहरणाचे खरे बळ. मात्र शेवट सुखाचा झाल्याचे आपल्याला आधीच कळलेले असते. नवऱ्याने तिला नाकारले असते, तर निर्णय चुकीचा ठरला असता काय? परिणामांवर भिस्त ठेवणाऱ्या या विचाराला त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

फ्लेचर यांच्यावर इतर ख्रिस्ती विचारवंतांनीही टीका केली. नीतिचिंतक पॉल रॅम्झी यांच्या मते, वचन, विवाह यांसारख्या सर्वांनी पाळायच्या रीतींतूनही प्रेम व्यक्त होते. ते सुट्या कृतींपुरते ठेवता येत नाही. धर्मशास्त्रज्ञ विल्यम बार्क्ले यांनी फ्लेचर यांची उदाहरणे फारच अपवादात्मक असल्याचे दाखवून दिले. हे दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. तरीही नियमाचे पालन केले म्हणजे जबाबदारी संपली, ही समजूत फ्लेचर यांनी हलवली, हे मोठेच काम होय.

नियमांच्या अपवादांचा प्रश्न भारतीय परंपरेतही जुना आहे. महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिक नावाचा तपस्वी सत्यव्रतापायी दरोडेखोरांना लपलेल्यांचा पत्ता सांगतो आणि नरकात जातो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तील (१९१५) ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्य, अहिंसा यांच्या अपवादांचा सविस्तर विचार केला आहे. पण निर्णयाचा आधार म्हणून ते बाह्य परिणामांपेक्षा कर्त्याच्या शुद्ध, सम बुद्धीला महत्त्व देतात.

फ्लेचर यांनी वैद्यकीय नीतिशास्त्रातही काम केले, दयामरणाचा पुरस्कार केला आणि उत्तरायुष्यात ख्रिस्ती श्रद्धा सोडली.