रूपांतराची कार्यशाळा : मराठी गूढकथेचा एक अलिखित अध्याय

मराठी भयकथेचा आणि गूढकथेचा लेखक आपली कारागिरी कोठे शिकला, हा प्रश्न आपल्या कथासमीक्षेने फारसा विचारलेला नाही. नवकथेच्या घडणीविषयी लिहिताना आपण नियतकालिके, संपादक, पाश्चात्त्य प्रभाव यांची तपशिलाने चर्चा करतो. नारायण धारप (1925–2008) यांचे नाव आले की ‘रंजनप्रधान’ असा शेरा मारून पुढे सरकतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या प्रबंधात हेच केले होते, हे आधीच नमूद करणे बरे.

या कारागिरीची पहिली शाळा रूपांतराची होती. धारपांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (1984) या कथेवरून घेतलेली आहे, एवढे सांगून आपण थांबतो. पण खरा प्रश्न तेथून सुरू होतो. किंगच्या कथेत अंथरुणाला खिळलेल्या आजीजवळ एकटाच राहिलेला एक मुलगा आहे. तिचे भय त्याच्या मनात पूर्वीपासून आहे. घरातल्यांच्या अर्धवट ऐकलेल्या बोलण्यावर ते पोसले गेले आहे. हा प्रसंग मराठीत आणू पाहणाऱ्यापुढची पहिली अडचण पिशाच्चाची नसून शब्दाची असते. ‘आजी’ या शब्दाभोवती आपल्याकडे गोष्टी, खाऊ आणि मऊ लुगड्याची ऊब यांचा संचय आहे. भय उभे करण्यापूर्वी तो उसवावा लागतो, आणि तोही वाचकाच्या नकळत. दुसरी अडचण घराची. आपल्या कुटुंबात काकू, आत्या, शेजारी यांपैकी कोणीतरी सदैव येत-जात असते; तेथे मुलाला खरोखर एकटे पाडायचे, तर एकेका माणसाच्या बाहेर जाण्याला विश्वसनीय कारण द्यावे लागते. घर रिकामे करण्याचे हे कसब कोणत्याही लेखनतंत्राच्या पुस्तकातून येत नाही. ते दुसऱ्याची कथा आपल्या माजघरात बसवताना हाताला लागते.

मात्र या शाळेची एक किंमतही होती. लव्हक्राफ्टच्या विश्वात माणसाची दखल घेणारे कोणी नाही; त्याचे भय या उपेक्षेतूनच येते. धारपांच्या समर्थकथांत अमंगलाच्या विरोधात उभी राहणारी मंगल शक्ती आहे. परिचित श्रद्धेच्या आधाराने वाचक त्या विश्वात सहज शिरतो, परंतु समर्थ येणारच हे कळल्यावर भयाची धार बोथट होते. रत्नाकर मतकरी (1938–2020) यांनी ‘खेकडा’पासून हा आधार बहुतांशी नाकारला आणि गूढकथा म्हणजे भुताची गोष्ट नव्हे, असा आग्रह धरला. ते नाटककार होते, हे येथे महत्त्वाचे. काय सांगायचे यापेक्षा पात्राला केव्हा गप्प करायचे, याचे भान त्यांना रंगभूमीने दिले असावे.

विज्ञानकथेला स्पर्धेचाही आधार मिळाला. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, तीही पत्नीच्या हस्ताक्षरात. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही आपली कथा केवळ कथा म्हणून पारखली जावी असे वाटले!

रूपांतर म्हणजे उसनवारी, हा आक्षेप पूर्णतः चुकीचा नाही. ऋणनिर्देशाचा प्रश्न उरतोच. पण मग आगरकरांचे ‘विकारविलसित’ (1883) आणि देवलांचे ‘झुंझारराव’ (1890) आपण नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात मानाने का शिकवतो? शेक्सपिअर उसना घेतला तर तो संस्कार, किंग घेतला तर ती चोरी! जी. ए. कुलकर्णींनी कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे अनुवाद केले, तेव्हा त्यांच्या अभिरुचीचा विस्तार म्हणून आपण त्यांची नोंद घेतली. मूळ कर्त्याची प्रतिष्ठा रूपांतरकाराला मिळते, असाच याचा अर्थ होतो.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने ‘ग्रॅमा’ आणि ‘आजी’ शेजारी ठेवून वाचण्याचा विषय संशोधनासाठी सुचवला. मंडळीतून पहिला प्रश्न आला तो ‘वाङ्मयीन मूल्या’चा. तिने पर्यायी विषय घेतला नाही. दोन्ही कथांतील घर कोणत्या वाक्याला रिकामे होते, ते आधी दाखवते, म्हणाली.